कार्यसंस्कृती मोजायची तर खिडकीपासून सुरुवात करा

कॉलेजच्या फाटकावर ब्रीदवाक्य असतं, प्राचार्यांच्या केबिनमध्ये व्हिजन-मिशनची फ्रेम असते आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्या प्राध्यापकाला स्टाफ रूममध्ये स्वतःचा कप्पा नसतो. या तिन्ही गोष्टी मिळून त्या कॉलेजची कार्यसंस्कृती बनते. पहिल्या दोन अहवालात येतात. तिसरी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारली तरी कोण विचारतंय ते बघूनच सांगतं.

खालची कृती अनुदानित, विद्यापीठाशी संलग्न अशा मध्यम कॉलेजसाठी आहे. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा, सत्तरेक प्राध्यापक, तीसएक शिक्षकेतर कर्मचारी. महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याला अशी कॉलेजं आहेत. स्वायत्त कॉलेज किंवा विद्यापीठाचा विभाग असेल तर तपशील बदलतील, क्रम मात्र बदलू नये. क्रमावर माझा भर आहे, कारण बहुतेक ठिकाणी आधी प्रश्नावली वाटतात, सरासरी काढतात आणि ‘आमचं कॉलेज म्हणजे एक कुटुंब’ असं छापून मोकळे होतात. ते खरंही असेल. पण त्या कुटुंबात कोणाकोणाला धरलं आहे, हे सरासरीतून कळत नाही. म्हणून कागद चाळून झाले की सुरुवात ऑफिसच्या खिडकीपाशी करायची, आणि केबिनमध्ये सगळ्यात शेवटी जायचं.

सुरू करण्याआधी

कशासाठी करतोय हे एका वाक्यात लिहून काढा. नॅकच्या सात निकषांत सहावा नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा, सातवा संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रमांचा. त्या रकान्यांत भरायला मजकूर हवा म्हणून ही तपासणी करायची असेल तर करू नका. लोकांना ते पहिल्या दिवशी कळतं आणि मग सगळे पाठ केलेली उत्तरं देतात. ‘गेल्या काही वर्षांत तरुण प्राध्यापक समित्यांवर यायला का तयार नाहीत’ असा खरा, टोचणारा प्रश्न असेल तर पुढे जा.

गट चार-पाच जणांचा पुरे. त्यात एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक शिक्षकेतर कर्मचारी, एक तरुण प्राध्यापिका आणि दुसऱ्या संस्थेतली एक व्यक्ती असावी. बाहेरची व्यक्ती हवीच, कारण आतल्यांना काही गोष्टी दिसायच्या बंद झालेल्या असतात. आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांनी मदत करावी, पण मुलाखती घेऊ नयेत. वर्षाचा गुणवत्ता अहवाल तेच पाठवतात, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी मोकळं होत नाही.

गोपनीयतेचा नियम आधीच लेखी द्या: पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे किंवा उद्गार वेगळे दाखवले जाणार नाहीत. तत्त्वज्ञान विभागात दोनच प्राध्यापक असतील, तर ‘तत्त्वज्ञान विभागातील एका प्राध्यापकाच्या मते’ असं लिहिणं म्हणजे नाव छापणंच झालं. संस्थाचालकांकडूनही या नियमाला सही घ्या. सही मिळत नसेल तर तपासणीचा पहिला निष्कर्ष तिथेच मिळाला, असं समजायला हरकत नाही.

वेळ ऑगस्ट-सप्टेंबरची बरी. प्रवेशाची धावपळ संपलेली असते, सत्राच्या परीक्षा लांब असतात. नॅकचं मूल्यांकन होणार असेल त्या वर्षी हे काम हाती घेऊच नका.

पायरी १ : कागद वाचा

गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं काढा: महाविद्यालय विकास समितीची, स्टाफ मीटिंगची, जमल्यास विभागांचीही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे या समितीवर प्राध्यापकांमधून निवडून आलेले तिघं आणि शिक्षकेतरांमधून निवडून आलेला एक सदस्य असतो, आणि वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात. सभा झाल्या का, हे तर बघाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या चौघांपैकी कोणाच्या नावावर गेल्या तीन वर्षांत एखादा विषय आला का, ते शोधा. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असेल, एकाही सभेत वेगळं मत नोंदलेलं नसेल, तर वहीत तशी नोंद करा. शंभर माणसांच्या संस्थेत तीन वर्षं सगळ्यांचं सगळ्या बाबतीत एकमत होत नसतं. मतभेद मीटिंगबाहेर मिटवले जात असतील किंवा मांडलेच जात नसतील. यातलं काय, ते पुढच्या पायऱ्यांत कळेल.

नोटिसांची फाईल चाळा. किती नोटिसांत कारण दिलंय आणि किती ‘याची सर्वांनी नोंद घ्यावी’ एवढ्यावर संपतात? हे मोजायला अर्धा दिवस लागतो आणि त्यातून बरंच कळतं.

मग संस्थेची जन्मकथा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९७० मध्ये अँटिऑक, रीड आणि स्वार्थमोर या तीन कॉलेजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थापनेची गाथा सांगत राहणाऱ्या संस्थांना त्या गाथेतून बळ मिळतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे अशा गाथांची वानवा नाही. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि तिथल्या आजीव सदस्यांची तुटपुंज्या पगारावरची सेवा; १९१९ मध्ये काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था आणि ‘कमवा आणि शिका’; १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय. तुमच्या संस्थेची कथा लहान असेल, पण असतेच. प्रश्न असा विचारायचा: गेल्या पाच वर्षांत एखादा निर्णय या कथेमुळे वेगळा झाला का? कमवा-शिका योजना चालू असेल तर त्या मुलांना काम कोणतं दिलं जातं, मानधन कधी मिळतं आणि ऑफिसातली माणसं त्यांना कशी हाक मारतात, हे पाहा. संस्थापकांचा विचार जिवंत आहे की पुण्यतिथीपुरता उरलाय, याचं उत्तर तिथे मिळतं.

पायरी २ : हिंडा आणि बघा

वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी पहिल्या तासाला, दुपारी ऑफिसची गर्दी असताना, संध्याकाळी शिपाई वर्गांना कुलपं लावतात तेव्हा. निष्कर्ष लिहायचे नाहीत, फक्त दिसलं ते लिहायचं.

ऑफिसच्या खिडकीपाशी पंधरा-वीस मिनिटं उभं राहा. बोनाफाईड मागायला आलेल्या मुलीला आतून काय उत्तर येतं? ‘उद्या ये’ म्हणणारा क्लार्क मान वर करून बोलतो का? खिडकीची उंची किती आहे, मुलांना वाकून बोलावं लागतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते? ग्रंथालयात मुलांना कपाटापर्यंत जाता येतं, की चिठ्ठी देऊन काउंटरवर थांबावं लागतं? स्टाफ रूममध्ये खुर्च्या कोणाच्या ‘ठरलेल्या’ आहेत, तासावर येणारे प्राध्यापक दोन तासांच्या मधला वेळ कुठे काढतात? मी तर आधी जिन्यांचे कोपरे आणि मोकळे वर्ग बघते. तिथे बसून पेपर तपासणारे भेटले, की स्टाफ रूमबद्दल वेगळं विचारावं लागत नाही.

अंतर्गत तक्रार समितीचा फलक शोधा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ती समिती बंधनकारक आहे, त्यामुळे फलक बहुधा सापडतो. मग चार-पाच विद्यार्थिनींना समितीच्या अध्यक्षांचं नाव विचारा. अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असं असेल आणि मुलींना नाव माहीत नसेल, तर या दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

पायरी ३ : एका कागदाचा माग काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. संस्थेबद्दल लोक काय बोलतात ते बदलत राहतं. कागद कुठे किती दिवस पडून होता, ते बदलत नाही.

तीन कागद निवडा, तिन्ही नुकतेच निकाली निघालेले. एक विभागाकडून वर गेलेला, एक विद्यार्थ्याचा, एक सीएचबी प्राध्यापकाचा.

पहिला, उदाहरणार्थ, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन. वहीत चार रकाने आखा: तारीख, कोणाच्या हातात, त्यांनी काय केलं, त्यांना काय माहीत होतं. सुरुवात अर्जाच्या तारखेपासून करायची नाही, फॅन बंद पडला त्या दिवसापासून करायची. तो दिवस प्रयोगशाळा परिचरालाच ठाऊक असतो. त्याने कोणाला सांगितलं? विभागप्रमुखांनी अर्ज कधी लिहिला? अर्ज आवक नोंदवहीत कधी चढला, अधीक्षकांच्या टेबलावर किती दिवस राहिला, दरपत्रकं कोणी मागवली, संस्थेच्या कार्यालयात फाईल कोण घेऊन गेलं? प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला भेटून एकच विचारा: ‘हा कागद तुमच्याकडे आला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आणि पुढे पाठवताना कशाची काळजी होती?’

बहुतेक वेळा सगळ्यात लांब पट्टा अर्ज लिहिण्याआधीचा निघतो. फॅन जूनमध्ये बंद पडलेला असतो आणि अर्जावर सप्टेंबरची तारीख असते. विभागप्रमुख सांगतात, ‘आत्ताच एक मागणी टाकली होती, लगेच दुसरी कशी टाकायची?’ प्रशासन ढिलं आहे असं म्हणून इथे थांबू नका. मागणी केल्याने आपली पत कमी होते, असं त्या माणसाने धरलेलं आहे. हे त्याला कोणी लिहून दिलेलं नाही, तरी ते त्या कॉलेजात नियमासारखं चालतं. एडगर शाइन यांनी १९८५ च्या पुस्तकात संस्कृतीचे तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसणारा, तोंडाने सांगितला जाणारा आणि कोणीच बोलून दाखवत नाही इतका गृहीत धरलेला. फॅनच्या कागदाने तुम्ही तिसऱ्या थराशी पोचता.

दुसरा कागद शिष्यवृत्तीचा घ्या. तिसरा, मानधनाच्या बिलाचा, जपून हाताळा. ते बिल कॉलेजातून उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातं, आणि उशीर झाला की सगळं खापर तिकडे फोडलं जातं. म्हणून तारखा वेगळ्या काढा: कॉलेजच्या आत किती दिवस, बाहेर किती दिवस. सरकारी विलंब तुमच्या हातात नाही. तासिकांचं विवरण सहीसाठी दोन आठवडे पडून राहिलं असेल, तर ते मात्र आपल्या घरातलं आहे. ज्याचं घर त्या पैशांवर चालतं त्याला हा फरक महिन्याच्या महिन्याला जाणवतो.

पायरी ४ : माणसांशी बोला

विल्यम टिअर्नी यांनी १९८८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सहा बाजू सुचवल्या: परिसर, ध्येय, नव्या माणसाला सामावून घेण्याची रीत, माहिती, निर्णय आणि नेतृत्व. चौकट जुनी आहे, पण कॉलेजसाठी अजून हिच्याइतकी सोयीची मला दुसरी सापडलेली नाही. फक्त तिचे प्रश्न आपल्या माणसांच्या तोंडचे करून घ्यायला हवेत. मत विचारायचं नाही, प्रसंग विचारायचा.

‘गावात कॉलेजचं नाव निघतं तेव्हा लोक काय म्हणतात?’
‘तुम्ही रुजू झालात तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी काय सांगितलं?’
‘वेळापत्रक बदलल्याचं तुम्हाला शेवटचं कसं कळलं, व्हॉट्सअ‍ॅपवर, नोटिशीने की मुलांकडून?’
‘एखाद्या निर्णयाला कोणी उघड नाही म्हटल्याचं आठवतं का? पुढे काय झालं?’
‘अडचण आली की खुर्चीवर कोण आहे ते सोडून तुम्ही कोणाकडे जाता?’

नव्या माणसाला काय शिकवलं जातं, हा यातला सगळ्यात फळणारा प्रश्न. तो शिपायांनाही विचारा. ‘मामा, नवीन सर आले की तुम्ही त्यांना काय सांगता?’ यावर ‘सांगतो की मस्टरवर सही आधी करा, चहा मग,’ असं उत्तर येईल, किंवा ‘सांगतो की अमक्या मॅडमना विचारल्याशिवाय काही करू नका,’ असंही येईल, आणि त्या मॅडम कोणत्याही पदावर नसतील. दोन्ही उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

कोणाशी बोलायचं: शिपाई, सफाईच्या मावशी, क्लार्क, ग्रंथालय परिचर, सीएचबीवरचे निम्मे तरी प्राध्यापक, पाच वर्षांच्या आत रुजू झालेले, निवृत्तीला आलेले, वर्गप्रतिनिधी आणि कशाचेच प्रतिनिधी नसलेले विद्यार्थी, मग विभागप्रमुख, अधीक्षक, उपप्राचार्य. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव शेवटी. तोवर तुमच्याकडे प्रसंग जमलेले असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं ध्येयधोरणांवर न राहता कामावर येतं. बऱ्याच प्राचार्यांना ते आवडतंही. त्यांच्यापर्यंत इतकं खरं क्वचितच पोचतं.

मुलाखत त्या माणसाच्या जागी घ्या, केबिनमध्ये बोलावून नको. ध्वनिमुद्रण करू नका. आपल्याकडे फोन टेबलावर आला की माणूस भाषण द्यायला लागतो.

पायरी ५ : आता प्रश्नावली

किम कॅमेरॉन आणि रॉबर्ट क्विन यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती समजायला सोपी आहे. सहा मुद्दे: संस्थेचा ठळक स्वभाव, नेतृत्व, माणसं सांभाळण्याची रीत, संस्थेला बांधून ठेवणारी गोष्ट, भर कशावर आणि यश कशाला म्हणायचं. प्रत्येक मुद्द्याखाली चार विधानं, आणि त्या चारांत मिळून १०० गुण वाटायचे. चार विधानं चार प्रकारांची असतात: आपलेपणावर चालणारी संस्था, नव्या प्रयोगांवर चालणारी, निकाल आणि स्पर्धेवर चालणारी, नियम आणि उतरंडीवर चालणारी. एकदा ‘आज कसं आहे’ म्हणून गुण द्यायचे, एकदा ‘कसं असावं’ म्हणून.

विधानं मराठीत स्वतः लिहा. ‘इथे कोणाच्या घरी अडचण असेल तर सहकारी तास वाटून घेतात’ किंवा ‘इथे परिपत्रकात नाही ते कोणी करत नाही’ असं वाचलं की कोणालाही गुण वाटता येतात. आधी पाच-सहा जणांकडून भरून घेऊन अडतंय का ते बघा. १०० ची बेरीज जुळवताना सुरुवातीला बरेच जण गोंधळतात, म्हणून एक सोडवलेला नमुना जोडा.

हिशोबात एक गोष्ट सांभाळा. समजा, आपलेपणाला ४० कायम प्राध्यापकांनी सरासरी ४२ गुण दिले आणि ३० सीएचबी प्राध्यापकांनी १८. सगळ्यांची मिळून सरासरी येते सुमारे ३२. हा ३२ चा आकडा त्या कॉलेजातल्या कुठल्याच गटाचा अनुभव सांगत नाही. म्हणून गटवार आकडे आधी मांडा, एकत्रित आकडा शेवटी, किंवा देऊच नका. आज आणि हवं यांत दहाहून जास्त गुणांची तफावत असेल तिथे थांबून कारण शोधा.

सगळ्यांची मतं जुळलीच पाहिजेत, हा हट्ट मात्र धरू नका. कॅमेरॉन आणि फ्रीमन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ३३४ उच्च शिक्षणसंस्थांचा अभ्यास मांडला. संस्कृती किती घट्ट किंवा एकजिनसी आहे यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे, याचा संस्थेच्या कामगिरीशी जास्त संबंध त्यांना दिसला. परीक्षा विभाग नियमांवर चालावा आणि संशोधन केंद्र प्रयोगांवर, हे योग्यच आहे.

पायरी ६ : वाक्यं लिहा आणि ती पाडायचा प्रयत्न करा

जमलेल्या साहित्यातून सात-आठ वाक्यं काढा. ‘संवाद वाढवण्याची गरज आहे’ असली नकोत, ती कुठल्याही कॉलेजला लागू पडतात. ‘इथे मागणी करणारा विभागप्रमुख कटकट्या समजला जातो.’ ‘इथे वाईट बातमी उपप्राचार्यांपाशी थांबते.’ ‘इथे विद्यार्थ्याच्या घरच्या अडचणीला ऑफिस नियम वाकवून मदत करतं.’ चांगली वाक्यंही तितक्याच मेहनतीने शोधा. अनेक कॉलेजांत शिक्षकेतर कर्मचारी मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरतात आणि त्याची नोंद कुठेच नसते.

प्रत्येक वाक्याला कागद, निरीक्षण आणि मुलाखत असे तिन्हीकडून पुरावे हवेत. दोनच मिळाले तर वाक्य ‘अंदाज’ म्हणून वेगळं ठेवा. मग बाहेरून आलेल्या सदस्याने प्रत्येक वाक्याच्या विरुद्ध जाणारा एक तरी प्रसंग शोधावा. सापडला तर वाक्याला मर्यादा घाला: कुठल्या विभागात, कुठल्या कामात, कोणाच्या बाबतीत.

पायरी ७ : परत करा

निष्कर्ष आधी त्यांना सांगा ज्यांनी ते दिले. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची बैठक पहिली, सीएचबी प्राध्यापकांची दुसरी, मग स्टाफ मीटिंग, मग विकास समिती. दरवेळी विचारा की काही चुकीचं उतरलंय का, कोणी ओळखू येतंय का. ओळखू येत असेल तर ते वाक्य कितीही महत्त्वाचं असलं तरी काढून टाका.

त्यानंतर दोनच बदल निवडा, आणि ते प्राचार्यांच्या स्वतःच्या अधिकारातले असावेत. सीएचबी प्राध्यापकांना कप्पे आणि बसायला जागा. मानधनाचं विवरण महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कॉलेजातून बाहेर. विकास समितीच्या प्रत्येक सभेत निवडून आलेल्या सदस्यांचा एक विषय. प्रत्येक बदलापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहून ती यादी नोटीस बोर्डावर लावा, कारणासकट.

दोन वर्षांनी सगळी कृती पुन्हा करायची गरज नसते. तेच तीन प्रकारचे कागद घ्या, त्यांचा माग काढा आणि दिवस मोजा. प्रश्नावली हवी असेल तर फक्त ज्या गटांत तफावत मोठी होती तिथे द्या. मुलाखतींच्या मूळ वह्या मात्र अहवाल मंजूर झाला त्याच आठवड्यात गटाने एकत्र बसून फाडून टाकाव्यात, आणि तसं केल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.